वारीत बाबांचा फोन १३ दिवस चालू ठेवायचा असेल तर काय घ्यावं, काय घेऊ नये

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाबा ६८ वर्षांचे, खानापूर तालुक्यातनं पायी दिंडीनं पंढरपूरला निघणार आहेत, पहिलीच वारी, १२-१३ दिवस चालणार, तुम्ही नोकरीला बेंगळुरात. ३०,००० एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) मोठा पॉवरबँक घ्यावा का सोलरवाला, फोन कुठला द्यावा, आणि त्यांचं कानाचं मशीन पावसात टिकंल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर १९ वर्षं बसतोय आणि त्यातली ११ वर्षं आषाढीला आमच्या दिंडीबरोबर चालतोय. दिंडीत चार्जिंगचं काम माझ्याकडंच असतंय, रोज संध्याकाळी ४०-४५ फोन माझ्या हातनं जातात, त्यामुळं खाली लिहितोय ते सगळं स्वतः बघितलेलं आहे.

आधी ३०,००० वाल्याचं बोलू, कारण माझ्याकडं येणारी दहातली सात मुलं आईवडिलांसाठी हाच मागतात. मनात असं असतंय की एकदा भरून दिला की बाबांना परत लाइटचा बोर्ड शोधायला नको. पण तो भरायला किती तास लागतात हे कोण बघतच नाही. वारीत लाइट मिळत नाही असं नसतंय, मुक्काम शाळेत, देवळात, कुणाच्या तरी शेडात असतो, बोर्ड असतोच, नाहीतर जनरेटर असतो. कमी पडतो तो बोर्डापाशी मिळणारा वेळ. संध्याकाळी तळावर पोचायचं, पाय धुवायचे, हरिपाठ, जेवण, कीर्तन, त्यात पिनेला नंबर लागायला रात्रीचे ९-१० होतात आणि पहाटे साडेतीनला परत सगळे उठतात. म्हणजे हातात आले पाच तास, आणि त्यातसुद्धा मधे लाइट जाणार.

आता हिशेब बघा. पॉवरबँकवर जो एमएएचचा आकडा असतो तो आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. २०,००० म्हणजे ७४ वॅट-अवर (साठवलेल्या विजेचं माप), ३०,००० म्हणजे १११. साधा पॉवरबँक ५ व्होल्ट २ अँपियरनं, म्हणजे १० वॅटनं भरतो, वाटेत थोडं गरम होऊन वाया जातंय ते धरलं तर २०,००० वाल्याला ९ तास आणि ३०,००० वाल्याला १३ तास. पाच तासांत तो निम्माही भरत नाही, आणि वजन मात्र अर्धा किलोच्या वर बाबांच्या खांद्यावर रोज २०-२२ किलोमीटर. शिवाय तुम्ही विमानानं सांब्र्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर उतरणार असाल तर १०० वॅट-अवरच्या वरच्याला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत तर कुठलाच पॉवरबँक चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायचा.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बाहेर किती देतो ते सोडा, आत किती वेगानं घेतो ते बघा. मागं बारीक अक्षरात 'इनपुट' म्हणून ओळ असते, तिथं ९ व्होल्ट २ अँपियर, म्हणजे १८ वॅट लिहिलेलं पाहिजे. असा १०,००० चा पॉवरबँक तीन-साडेतीन तासांत भरतो. पण त्याला चार्जरही तेवढाच पाहिजे, जुन्या फोनचा ५ वॅटचा चार्जर लावून "भाऊ तुम्ही सांगितलेला पॉवरबँक भरतच नाही" म्हणून परत आणणारे लई आहेत. एक दोन-तोंडाचा ३० वॅटच्या आसपासचा चार्जर घ्या, एका पिनेत दोन वस्तू भरतात, नंबर एकदाच लावावा लागतो.

आणि असे १०,००० चे दोन घ्या, एक मोठा घेण्यापेक्षा. एक बोर्डाला, एक बाबांच्या उशाला, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. एक हरवला, भिजला, कुणी चुकून उचलला तरी दुसरा आहे. १०,००० म्हणजे ३७ वॅट-अवर, त्यातले ३० च्या आसपास फोनपर्यंत पोचतात, ५,००० बॅटरीचा स्मार्टफोन १९ खातो, म्हणजे दीड वेळा भरतो. दुकानात "तीनदा भरतो बघा" सांगतील, ते खरं नाही. चांगल्या कंपन्या 'रेटेड कपॅसिटी' म्हणून खाली ६,००० च्या आसपासचा आकडा छापतात, खरा हिशेब तोच.

घेताना अजून दोन गोष्टी करा. मागं बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून बघा, नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतंय. दुसरं म्हणजे वजन. गोल सेल, ज्याला आम्ही १८६५० म्हणतो, तो एक ४५ ग्रॅमच्या पुढं भरतो आणि त्यात चांगल्यात चांगला ३,५०० एमएएच बसतो. म्हणजे २०,००० च्या पॉवरबँकमध्ये कमीत कमी सहा सेल, नुसत्या सेलचंच वजन २७० ग्रॅम, वर पट्टी, सर्किट, खोकं. चपटी बॅटरी असली तरी वजन साधारण त्याच घरात जातंय. रस्त्यावरचा "५०,००० एमएएच" वाला किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला आणि १८० ग्रॅम भरला तर आत काय असणार ते तुम्हीच ओळखा. मी असे उघडून बघितलेत, एकात दोन सेल आणि बाकी वजनाला वाळूची पुडी होती.

सोलरवाला तर मुळीच नको. झाकणावरचं ते पॅनेल एक-दीड वॅटचं असतंय, ३७ वॅट-अवर भरायला कडक उन्हात ३० तास पाहिजेत, आणि आपल्याकडं आषाढात जांबोटी-खानापूर पट्ट्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पुढं मिरज सोडून सांगोल्याच्या बाजूला गेलात की ऊन मिळतंय, पण तिथं पॅनेलबरोबर आतली बॅटरीही तापते, आणि लिथियमची बॅटरी ४५ डिग्रीच्या वर तापलेली असताना भरली की तिचं आयुष्य कमी होतंय, फुगतेसुद्धा.

आता एक अनुभव सांगतो, कारण त्यानंतर आमच्या दिंडीचा नियमच बदलला. सांगोल्याच्या अलीकडं एका गावात शाळेत मुक्काम होता. मी व्हरांड्यात एक्स्टेंशन ओढून १४ फोन लावलेले, पाऊस नव्हता, सगळं शांत. रात्री पावणेअकराला ट्यूबलाइट एकदम पांढरी फटक झाली, पंखा घूं करून जोरात फिरायला लागला, आणि मी उठेपर्यंत बोर्डावर टप टप टप असे चार-पाच आवाज आले आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, सुटला होता. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, आणि आपला चार्जर बनलेला असतो १०० ते २४० साठी. नऊ चार्जर गेले, तीन फोन मेले. त्यातला एक फोन एका मावशींचा होता, त्यांचा मुलगा दुबईला, नंबर फक्त त्या फोनमध्ये. पुढचे चार दिवस त्या माझ्या मागं मागं चालत होत्या, "माझा फोन लागंल की नाही" एवढंच विचारत. मी पुढच्या गावात कुणाचं तरी सोल्डर मागून घेऊन खटपट केली पण फोनच्या आतला बोर्डच गेलेला. मला त्या मावशींचा चेहरा अजून दिसतो.

तेव्हापासून परक्या बोर्डाला आम्ही फोन लावतच नाही. आधी बोर्डाला पॉवरबँक भरायचा, तो काढला की मग त्याला फोन लावायचा. दाब वाढला तर चार्जर जाईल, फार तर पॉवरबँक जाईल, पण फोन आणि त्यातले नंबर बाबांच्या खिशात सुरक्षित. चोरीचंही तेच, पिनेला लावलेला फोन उचलला जातो, ५०० लोकांच्या मुक्कामात कोण कोणाचं बघणार, पॉवरबँक गेला तर निदान घरच्यांशी बोलणं तुटत नाही. जनरेटर असेल तर अजून एक काळजी घ्या, हॅलोजन किंवा पाण्याची मोटर बंद-चालू होताना दाब उड्या मारतो, म्हणून मंडपातले मोठे दिवे एकदा लागून स्थिर झाले की मग पिना घालायच्या.

नाव घालायचं विसरू नका. पॉवरबँक, चार्जर आणि वायर तिन्हीला कापडी टेप लावून त्यावर नाव, गाव आणि तुमचा नंबर लिहा. आमच्या चार्जिंगच्या वहीत निम्मी नावं कन्नडात निम्मी मराठीत असतात आणि काळे चार्जर सगळे एकसारखेच, पहाटेच्या अंधारात अदलाबदल झाली की मिरजेपर्यंत शोधाशोध चालते.

दिंडीच्या सामानाच्या ट्रकात चार्ज करू म्हणून गाडीचा चार्जर देणार असाल तर त्यावर १२-२४ व्होल्ट लिहिलेलं बघूनच घ्या. कारला, जीपला १२ व्होल्ट असतात, मोठ्या ट्रकला २४. नुसता १२ चा ट्रकात घातला की गेला.

फोनचं सांगतो. बाबा आत्ता कुठला फोन वापरतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण काहीही असो, वारीच्या तोंडावर नवीन फोन हातात देऊ नका. जो त्यांना अंधारात, चष्म्याशिवाय, ओल्या बोटानं लावता येतो तोच फोन त्यांचा. कीपॅडचा वापरत असतील तर सोन्याहून पिवळं, त्याची १,००० एमएएचची बॅटरी, नुसता टू-जी असेल तर माझ्या अनुभवात चार दिवस जाते, फोर-जी कीपॅड असेल तर दोन-अडीच, आणि १०,००० च्या एका पॉवरबँकमध्ये तो सात-आठ वेळा भरतो. म्हणजे अख्खी वारी बोर्डाचं तोंड न बघता. फक्त त्यांचं सिम जिओचं असेल तर जुना टू-जी फोन चालणार नाही, जिओला टू-जी नाहीच, फोर-जी कीपॅडच लागतो. दरवर्षी कोण ना कोण जुना फोन काढून त्यात जिओचं सिम घालतंय आणि निघायच्या सकाळी माझ्याकडं धावत येतंय.

स्मार्टफोन नेणार असतील तर तो पिशवीत राहू दे, संध्याकाळी एकदा काढून तुमच्याशी व्हिडिओवर बोलायला. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप उतरायचं बंद करा, फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवा. मागची अ‍ॅपं सारखी घासून बंद करायची सवय असेल तर सोडायला सांगा, त्यानं बॅटरी वाचत नाही, परत उघडायलाच जास्त लागते.

बॅटरी सगळ्यात जास्त कुठं जाते माहितीय का, रेंज नसलेल्या जागी. टॉवर लांब असला की फोन जोर लावून ओरडतो, आणि अजिबात नसला की सारखा शोधत बसतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात हे होतंयच, आणि आपल्या सीमेवर अजून एक होतंय. चिकोडी मागं टाकून मिरजेकडं सरकलं की फोन कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो कधी महाराष्ट्राचा, तासाभरात चार वेळा बदलतो, दुपारपर्यंत ३० टक्के संपलेले असतात आणि माणूस म्हणतो बॅटरी खराब झाली. खराब झालेली नसते. यावर साधा उपाय म्हणजे वेळ ठरवणं. दुपारी जेवणाच्या विसाव्याला एक आणि रात्री आठला एक, एवढे दोनच फोन, मधल्या वेळात स्मार्टफोन विमान मोडवर. त्यात कॉल येणार नाही, पण तुम्हाला माहीत असेल की दोन वाजता येणारच, म्हणून तुमचाही जीव टांगणीला राहणार नाही. आणि एकादशीच्या आदल्या दिवसापासून पंढरपुरात लाखो फोन एकाच वेळी लागतात, कॉल जात नाही. तेव्हा साधा मेसेज पाठवायला शिकवून ठेवा, एसएमएस उशिरा का होईना पोचतो. आणि शर्टाच्या आतल्या खिशात प्लास्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी, त्यावर नाव, दिंडीचं नाव, तुमचा नंबर, दिंडीचालकांचा नंबर. माणूस चुकला आणि फोन बंद असला तर ती चिठ्ठीच कामाला येते.

पाण्याचं आता. आयपी ६८ (पाणी-धूळ आत जात नाही अशी खूण) लिहिलेला फोन म्हणून निर्धास्त राहू नका, ती परीक्षा नव्या फोनवर स्वच्छ पाण्यात केलेली असते, दोन वर्षांनी कडेचा गोंद सुटलेला असतो. दुधाची जाड पिशवी धुऊन वाळवून त्यात फोन, तोंडाला रबर, हे मी ११ वर्षं वापरतोय. भिजलाच तर बंद करा, चार्जिंगचं भोक खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा आणि निदान रात्रभर चार्जिंगला लावू नका. पाण्यानं फोन जेवढा मरत नाही तेवढा ओला असताना वीज दिल्यानं मरतो, पिना हिरव्या पडतात. तांदळात ठेवू नका, तांदळाचं पीठ आत जाऊन बसतंय.

आणि वारीतून परत आलेल्या फोनांत मला एक वेगळीच गोष्ट सापडते. "वायर नीट बसत नाही, हलली की चार्जिंग तुटतंय" म्हणून येतात. भिंगाखाली धरलं की टाइप-सीच्या भोकात मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूला, अगदी तळाला, काळा थर दाबून बसलेला दिसतो. खिशातला कापूस, आपली तांबडी माती आणि बुक्का. घामानं ते सगळं भिजतं, रोज वायर घातली की ते अजून आत ठोकलं जातं, शेवटी नमद्यासारखं घट्ट होतं. लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करून, फोन बंद करून, कडेकडेनं हळू उचललं की ते एका तुकड्यात बाहेर येतं आणि बुक्क्याचा वास अख्ख्या टेबलावर पसरतो. फोन लगेच चार्ज होतो. टाचणी किंवा सुई घालू नका, मधली पट्टी वाकते आणि मग खर्च येतो. बाबांना एवढंच सांगा, बुक्का ज्या खिशात त्या खिशात फोन नको.

कानाच्या मशीनचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय, कारण हायवेच्या कडेनं चालताना मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. बटणासारखा सेल असेल तर आधी स्टिकरचा रंग बघा, तपकिरी म्हणजे ३१२, नारंगी १३, निळा ६७५, पिवळा १०. तोच रंग सांगून निघायच्या आधी बेळगावातच दोन पाकिटं घेऊन ठेवा, वाटेतल्या गावात मिळतीलच असं नाही. हा सेल हवेवर चालतो, स्टिकर काढला की सुरू होतो आणि परत चिकटवून थांबत नाही, म्हणून आधीच चार काढून ठेवू नका. काढल्यावर तीन-चार मिनिटं तसाच ठेवून मग घाला, जास्त टिकतो. सुटे सेल नाण्यांबरोबर खिशात नकोत. पाऊस जोराचा आला की मशीन काढून घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, डबीत औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. रात्री सेलचं दार उघडं ठेवून त्याच डबीत, घामाची ओल निघून जाते. आणि मशीन डबीत असेल तेवढा वेळ बाबा चालतील रस्त्याच्या आतल्या बाजूनं, दिंडीच्या मधे, हे शेजारच्या माळकऱ्याला सांगून ठेवा.

चार्जिंगवालं मशीन असेल तर एक गंमत होते, पॉवरबँकला लावलं की अर्ध्या मिनिटात बंद पडतं. पॉवरबँक बिघडलेला नसतो, मशीन एवढी थोडी वीज ओढतं की पॉवरबँकला वाटतं काही लावलेलंच नाही. काही पॉवरबँकमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी विजेचा मोड चालू होतो, घेताना दुकानातच मशीनची डबी लावून दहा मिनिटं थांबून बघा. कीपॅडचा फोनही शेवटी शेवटी असाच तुटतो, त्याला तोच उपाय.

उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी द्या, म्हणजे टॉर्च, पहाटे चारला अंधारात दोन्ही हात मोकळे पाहिजेत. साध्या डबल-ए सेलवर चालणारी घ्या, ते सेल कुठल्याही पानपट्टीवर मिळतात.

वायरी दोनच, एक मीटरच्या, जाड. तीन तोंडांची एकत्र वायर घेऊ नका, तिच्यावर फास्ट चार्जिंग बहुतेक वेळा होतच नाही.

तुम्ही वारीला सोडायला येणार असाल तर दोन दिवस आधी या. ट्रेननं येत असाल तर डब्यातली पिन ११० व्होल्टची असते, चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असलं की चालतंय, पण रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत पिना बंद ठेवतात, निघतानाच भरून निघा. आल्यावर एका रात्री घरातले दिवे घालवा आणि बाबांना सगळं स्वतः करू द्या, पॉवरबँक शोधणं, वायर घालणं, फोन लागला का बघणं, तुम्हाला फोन लावणं. तुम्ही हात लावू नका, नुसतं बघा ते कुठं अडखळतात. माझ्या वडिलांना दोन पॉवरबँकमधला भरलेला कुठला तेच कळायचं नाही, ते बारके चार दिवे त्यांना दिसायचेच नाहीत. मग आम्ही एक रबर ठेवला. भरला की रबर चढवायचा, वापरायला घेतला की काढायचा.